विंडशील्ड सोडून सगळं

६ नोव्हें. २००३
गाडी आली. दीडशे सीसी मोटारसायकल, काळी. शोरूममधून मीच चालवत आणायची असं ठरलं होतं. पण आबा, म्हणजे आमचे सासरे, माझ्या आधीच तिथं जाऊन बसलेले. मी पोचले तोवर पुढं लोखंडी लेगगार्ड बसलेलं, मागं कॅरिअर, त्यावर औषधांसाठी पत्र्याची पेटी. लेगगार्ड असं की बैलगाडीनं धडक दिली तर बैलगाडीच मोडेल. थोडक्यात, उघडी गाडी कशी चालते ते मला ठाऊकच नाही.
बालाघाटच्या आमच्या गल्लीचा एकच प्रश्न. डॉक्टरीणबाईनं स्कूटी काहून नाही घेतली? माझा गुरांचा दवाखाना रामपायलीत, त्याच्या पुढच्या पांदणीनं स्कूटी नेऊन दाखवा म्हणावं. म्हैस अडली की ती बसच्या टायमाची वाट पाहत नाही.

९ नोव्हें., रवि.
प्र. काल मलाजखंडहून आलता, आज संध्याकाळच्या बसनं परत खाणीवर. शनिवारी यायचं, रविवारी जायचं, लग्न झाल्यापासून आमचं नवरा-बायकोचं हेच. यावेळी कोणाकडून तरी नागपूरहून विंडशील्ड मागवून आणलेलं. मोठं, काचेसारखं स्वच्छ, पार हनुवटीपर्यंत येणारं. थंडीत माझे कान ठणकतात ते त्याच्या लक्षात होतं. अख्खी सकाळ अंगणात बसून स्वतः हँडलला बसवलं. चहा दोनदा थंड झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
जाताना पुन्हा तेच. बदलीचा अर्ज कर, मलाजखंडच्या बाजूला कुठंही मिळेल. म्हटलं, आता गाडी आहे, शनिवारी मीच येत जाईन. हसला. ते हसणं आवडलं नाही.

१३ नोव्हें.
वारासिवनीहून परत येताना नव्या डांबरावर पहिल्यांदा पळवली. निवडणुकीच्या तोंडावर केलेला रस्ता, अजून खड्डे पडायचे आहेत. पंचावन्नपर्यंत लोणी. साठच्या वर हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग डावी-उजवी, डावी-उजवी. जितकं घट्ट धरलं तितकं जास्त. हात सैल केले, वेग उतरवला, थरथर थांबली.
नव्या गाडीला हे काय?
घरी बोलले नाही.

१५ नोव्हें.
स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे गेले. मी सांगितलं, साठच्या वर हँडल हलतं. त्यानं माझ्यासोबत आलेल्या आबांकडं पाहून विचारलं, "बाबूजी, क्या तकलीफ है गाड़ी में?" आबा म्हणाले, आवाज जास्त करते. मी परत सांगितलं. तो आबांना म्हणाला, नई गाड़ी है, चलते-चलते बैठ जाएगी. मग चेन घट्ट केली, दोन्ही चाकांत दगड होईस्तोवर हवा भरली, मागचे शॉकअप शेवटच्या, सगळ्यात कडक खाचेवर नेऊन ठेवले. आबा खूश. भाऊ हुशार आहे म्हणाले.
येताना प्रत्येक खडा कंबरेत मोजला.

१७ नोव्हें.
कंबर दुखते एवढंच आबांसमोर बोलले, तेवढी चूक. संध्याकाळी येते तर गाडीवर सीट नाही. आबा गादीवाल्याकडे घेऊन गेलेले. परत आली ती सीट नाही, सोफा. वर लाल रेक्झिन. बसले तर टाचा वर, फक्त चवडे जमिनीला. ब्रेक मारला की पुढं टाकीवर घसरते, म्हणून हँडलवर सगळं वजन.
आबा दारात उभे राहून पाहत होते. "आता कशी वाटते माय?"
म्हटलं, छान आहे.
काय म्हणायला पायजे होतं मग?

१९ नोव्हें.
आता पन्नासलाच हलते. बसनं जाणारे माझ्यापेक्षा लवकर पोचतात. रामपायलीत दवाखान्यासमोर गाडी लावली की लोक सीटला हात लावून जातात.

२१ नोव्हें.
पडले.
वारासिवनीच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर. समोरून ट्रक आला, त्याच्या वाऱ्याचा धक्का विंडशील्डवर बसला आणि हँडल माझ्या हातात राहिलंच नाही. जत्रेतल्या देव अंगात आलेल्या बाईसारखी गाडी घुमायला लागली. डांबर सुटलं, कच्च्यावर उतरले, तिथून खाली कापलेल्या धानाच्या बांधीत. मऊ माती, म्हणून वाचले. गुडघा सोलला, मनगट सुजलं. पेटी उघडून लसीच्या कुप्या फुटल्या. एक कुपी ट्रकच्या धुळीत चकाकत पडलेली, ती पाहून रडू आलं. गुडघ्याचं नाही आलं.
ज्यांची बांधी ते नथ्थूजी धावत आले. त्यांचा बैल मागच्या महिन्यात मीच बरा केला. त्यांनी गाडी उभी केली, सगळीकडून पाहिली आणि म्हणाले, "बैल असता त एक डाग देला असता बाई." मला हसू आलं आणि हसताना बरगडी दुखली.
घरी सांगितलं, म्हशीनं ढुशी मारली.

२३ नोव्हें., रवि.
प्र.ला कळलं. नथ्थूजींनी आबांना बाजारात विचारलं, बाई कशी आहे म्हणून. म्हैस उघडी पडली.
प्र. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. जेवण झाल्यावर ताट सरकवून म्हणाला, "गाडी विकून टाक. नाही त बदली घे. दोनातलं एक सांग." मी म्हटलं, गाडीत दोष आहे, काढते मी. तर म्हणे, मिस्त्रीले नाही समजलं ते तुले समजन?
समोरच्याचं जनावर तपासायला हात आतपर्यंत घालते तेव्हा कोणी विचारत नाही, समजन का.
संध्याकाळी सांगून गेला की पुढच्या शनिवारी येणार नाही, शिफ्ट आहे. शिफ्ट आहे की नाही देव जाणे.

२४ नोव्हें.
मनगट बांधून दवाखान्यात. दिवसभर एकच डोक्यात. लंगडा बैल आला की आपण काय करतो? एकेक सांधा. खूर पाहतो, मग गुडघा, मग खांदा. सगळ्यावर एकदम औषध चोपडत नाही. इथं मात्र जो आला त्यानं काहीतरी लावलं, घट्ट केलं, भरलं. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तोच रस्ता, तोच वेग. कोणाला विचारायचं नाही.

२६ नोव्हें.
हवा. चेनकव्हरवर चिकटपट्टी आहे, त्यावर पुढच्या-मागच्या चाकाची हवा छापलेली. कोणी वाचली नव्हती, मीपण नाही. पंपावर मापून उतरवली. मागचे शॉकअप मधल्या खाचेवर आणले, पाना सीटखालीच होता. कंबर वाचली. थरथर मात्र आहे, थोडी कमी. की मलाच तसं वाटलं?

२७ नोव्हें.
पेटी उतरवली. मागच्या चाकाच्याही मागं एवढं ओझं लटकवलं तर पुढचं चाक हलकं होणारच. औषधं आता कापडी पिशव्यांत, दोन बाजूंना, खाली. लसीचा थर्मास खांद्याच्या पिशवीत. फरक पडला, नक्की पडला. साठला हलत नाही. पासष्टला हलते.
आबांनी पेटी कोपऱ्यात पाहिली.  पेटीवर जुना टॉवेल झाकून ठेवला.

२८ नोव्हें.
मिस्त्रीनं चेन घट्ट केली तेव्हा मागचं चाक वाकडं बसवलेलं! दोन्ही बाजूंना खुणांच्या रेघा असतात, डावीकडची आणि उजवीकडची जुळत नव्हती. चाक एकीकडं पाहतंय, गाडी दुसरीकडं. त्याच्याकडं गेले, रेघा दाखवल्या. म्हणे, "इतने से कुछ नहीं होता मैडम." म्हटलं, फिर बराबर करने में भी कुछ नहीं जाएगा. केलं. तोंड वाकडं करून केलं, पण केलं.
लेगगार्डही तिथंच काढून ठेवलं. लोखंडाचं ओझं गेलं.

३० नोव्हें., रवि.
प्र. नाही आला. फोनही नाही.
सीट. हे सगळ्यात अवघड. आबांना समोर बसवून सांगितलं की गादी उंच झाली, माझे पाय टेकत नाहीत, मी हँडलला लोंबकळते, म्हणून गाडी हलते.  मग म्हणाले, "मी त तुझ्या कंबरेसाठी केली होती." म्हटलं, माहीत आहे आबा. दुपारी वरण-भातावर तूप घेतलं नाही. हा आबांचा निषेध. संध्याकाळी माझी वाट न पाहता स्वतःच सीट काढून गादीवाल्याकडे घेऊन गेले आणि तिथं उभं राहून अर्धा फोम कापून घेतला. लाल रेक्झिन तेच ठेवलं. राहू दे.

१ डिसें.
पाय टेकतात. कंबर ठीक. हात सैल. सत्तरपर्यंत शांत, मग पुन्हा ती बारीक थरथर.
आता एकच उरलंय. मला ते ट्रकच्या दिवसापासून माहीत आहे. वारा कुठं लागला, हँडल कुठून वळलं, सगळं हाताला कळलं होतं. तरी हवा पाहिली, पेटी पाहिली, चाक पाहिलं, म्हाताऱ्या माणसाची गादी कापायला लावली. विंडशील्डला हात लावला नाही.

३ डिसें.
आजही नाही काढलं. कारण लिहीत नाही.

४ डिसें.
काढलं. त्यानं बोल्ट इतके नीट बसवले होते, प्रत्येकाखाली रबराचा वॉशर, की काढताना चोरी केल्यासारखं वाटलं. रस्त्यावर नेली. साठ. सत्तर. ऐंशी. काही नाही. ट्रक गेला समोरून, हललीसुद्धा नाही. कानांत वारा शिट्टी घालतो, डोळ्यांतून पाणी, पण गाडी रेघेवरून चालल्यासारखी. आनंद व्हायला पाहिजे होता. झालाच. पण घरी येऊन ती काच धुतली आणि जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली.
आबांनी कानाला बांधायला मफलर काढून दिला.

६ डिसें., शनि., मलाजखंड
आले. गाडीनं. आबांनी पडोशीच्या फोनवरून त्याला कळवलं होतं की सून निघाली. बैहरपर्यंतच्या घाटात हळू, वानरं रस्त्यात. पुढं सपाटीवर हात मोकळा केला. पोचले तर क्वार्टरला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, साहेब बसस्टँडवर गेले, घरून बाई येणार म्हणून. बायको निघाली म्हटल्यावर त्याच्या हिशेबी बसनंच येणार. बसस्टँडवर गेले. तो बसच्या दाराकडं टक लावून उभा. हॉर्न वाजवला. वळला नाही. परत वाजवला.
आधी माझ्या गुडघ्याकडं पाहिलं. मग गाडीकडं.
"काच कुठं गेली?"
"काढली. तिच्यानंच हलत होती."
तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. इंजिनिअरच आहे शेवटी, हँडलच्या मोकळ्या भोकांवरून बोट फिरवलं. वारा, हँडल, त्याला एका मिनिटात समजलं असणार. मग हळू विचारलं, "मंग आधीच काहून नाही काढली?"
"तुम्ही लावली होती म्हणून."
स्टँडवर चहावाला, कंडक्टर, कॉलनीतले दोघं-तिघं. सगळे पाहत होते. त्यानं माझी पिशवी उचलली आणि पायी चालायला लागला. मी गाडी ढकलत त्याच्यासोबत. चालू गाडी असताना दोघं पायी, येड्यासारखे.

७ डिसें., रवि.
सकाळी त्यानं गाडी एकट्यानं नेली. बराच वेळ आला नाही. माझ्या डोक्यात नको ते सगळं येऊन गेलं. आला तेव्हा केस उभे, कान लाल. "चांगली आहे," एवढंच. मग पाना मागितला आणि मागचे शॉकअप दोन खाचा घट्ट केले. म्हटलं, एकटीसाठी मधली खाच बरोबर आहे, राहू द्या. म्हणाला, "दोघांचं वजन आहे."
बालाघाटला आबांना भेटायला येतो म्हणे, उद्याची सुट्टी टाकली. म्हटलं, चालवा मग तुम्ही. तर नको म्हणाला, तुझ्या हाताले बसली आहे गाडी. मागं बसला. कॉलनीच्या गेटपर्यंत पायी येतो म्हणेल असं वाटलं होतं. तसं म्हणाला नाही. गेटवर त्याच्याच खात्यातले लोक उभे होते, एकानं हात वर केला, यानंही केला.
आधी मागच्या कॅरिअरला धरून होता. घाट यायच्या आधी हात खांद्यावर.
घाट उतरून सरळ रस्ता लागला. सत्तर असेल. गाडी काही बोलत नव्हती. तो काहीतरी बोलला, लांब वाक्य, मध्ये थांबून. वाऱ्यात मला एकच शब्द ऐकू आला. बदली. माझी की त्याची, ते नाही समजलं. थांबवून विचारता आलं असतं. नुसती मान हलवली, आणि त्यानं ती हौ समजली की काय कोण जाणे, खांद्यावरचा हात जरा
आबा हाक मारतायत. तो जेवायला बसलाय. जाते.