नॉकवीना मतदारसंघ आणि आमच्या दादाचं मरण

प्रति,
माननीय सचिव साहेब,
मतदारसंघ सीमा कार्यालय, डब्लिन.

विषय : बंद केलेला नॉकवीना मतदारसंघ पुन्हा सुरू करणेबाबत, निदान दादाच्या मयतीपुरता.
संदर्भ : आपण नकाशावर ओढलेली रेघ.

महोदय,

शाळा कमी शिकलोय, चूकभूल पोटात घाला.

नॉकवीना १९३५ साली झाला, गेल्या वर्षी आपण मोडला. एकाच वेळी खासदार तीन. त्यांनी रस्ता केला नाही, पूल केला नाही, पण मयत एकाचीही चुकवली नाही. दारात टोपी काढायची, घरच्यांचा हात धरून "वाईट झालं हो" म्हणायचं, हॅमचं सँडविच खायचं. तेवढ्यावर आम्ही मतं दिली. तक्रार नाही.

आता रेघ नदीतून गेली. घरं अलीकडे, कबरस्तान पलीकडे. दोन खासदार इकडच्या वाट्याला, एक तिकडच्या. शेजारची बिडी किनान वारली तेव्हा इकडचे म्हणाले, "पुरणार तिकडे, ते बघतील." तिकडचा म्हणाला, "मेली इकडे, माझा काय संबंध?" कुणीच आलं नाही. तिच्या पोरांनी अजून मान वर केलेली नाही.

माझा थोरला भाऊ मलाकी. दर मतमोजणीला हॉलमधल्या कठड्यावर रेलून, मतपत्रिका उलगडताना नुसत्या नजरेनं मतं टिपायचा आणि अधिकाऱ्याच्या आधी निकाल ओरडायचा. तिघांनाही तोंडावर शिव्या घातल्या, मत एकालाही दिलं नाही. आता अंथरुणाला खिळलाय. पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले. पण म्हणतो, "फेस्टस, ज्यांना जन्मभर शिव्या दिल्या तेच येणार नसतील तर मी मरत नाही. डब्लिनला लिही."

"दादा, एखादा तरी येईल की."

"एखादा? मी काय बिडी किनान आहे? तिघं पाहिजेत!"

म्हणून हा अर्ज लिहायला घेतला. तेव्हा दादा पाणीसुद्धा गिळत नव्हता. रोज सकाळी विचारतो, "डब्लिनचं काय झालं?" मी सांगतो, अजून लिहितोय. "गाढवा, तुझ्या हातून काय होणार! तुझ्या बायकोला सूप आणायला सांग." काल बटाटे मागितले. आज उठून बसला आणि बटाटे कच्चे राहिले म्हणून तिच्यावर खेकसला. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आनंदानं.

तरी साहेब, वरची विनंती रद्द समजावी. अर्ज पोचला असं कळवावं, विचार चालू आहे असं अधूनमधून कळवावं, आणि निकाल कधीच देऊ नये. आपल्या कार्यालयाला ते जड जाणार नाही, असं इथे सगळेच म्हणतात.

आपला नम्र, आणि आता कसलीच घाई नसलेला,
फेस्टस टूब्रिडी
बॅलीगार्व, ३ मार्च १९६२