फोटो हसतानाचाच

बाबा, वणीच्या बसस्टँडसमोर तुम्ही रंगवलेली एकही पाटी आता उरली नाही. सगळीकडे फ्लेक्स आले. पण म्हणून घरातला धंदा बुडाला असं समजू नका. मी सामाजिक संस्थांची कामं करतो. पोस्टर, वार्षिक अहवाल, वेबसाइट. वेबसाइट म्हणजे पाटीच, फक्त ती दुकानावर न लागता लोकांच्या खिशातल्या फोनवर लागते. तुम्ही असताना फुशारकी मारायची सोय नव्हती, म्हणून आता मारून घेतो.

तुमच्या हाताखाली मी रंगवलेली पहिली पाटी शिंप्याच्या दुकानाची. अक्षरांना रंगीत सावल्या, चारी कोपऱ्यांत वेली. तुम्ही शाबासकी द्याल म्हणून मी वाट पाहतोय, आणि तुम्ही मला रस्त्यापलीकडच्या टपरीवर नेऊन उभं करता. "तोंड बंद ठेव, कान उघडे." दोन बाया येतात. एक पाटीकडं पाहून म्हणते, "मस्त हाय वं. मंडप-लायटिंगवाल्याचं दुकान असन." तुम्ही शांतपणे चहाचा घोट घेता. "लेका, नक्षी झ्याक झाली. पण शिंपी कुठी हाय?" मला असा राग आला होता की दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. पण कान तेव्हापासून जे उघडले ते उघडेच राहिले.

मागच्या वर्षी मारेगावच्या एका संस्थेचं काम आलं. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. गावोगावच्या लोकांनी तपासणीला यावं म्हणून पोस्टर, आणि देणगीदारांसाठी वेबसाइट. माझ्यासाठी आजवरचं सगळ्यात मोठं काम. संस्थेच्या मॅडमनी फोटो निवडून ठेवला होता; हा आजार असलेली एक तरुण बाई, खाटेवर, हाताला सलाईन, डोळ्यांत पाणी. तीच बाई आता गोळ्या वेळेवर घेते आणि शिवणाचा क्लास चालवते. तिची परवानगी घ्यायला गेलो तर फोटो पाहून हसलीच. "भाऊ, मी हसतानाचा काढा ना. रडतानाचा तं लगनात काढलाच हाय."

मी तिचा शिवणयंत्रावर बसून हसतानाचा फोटो काढून आणला. मॅडम म्हणाल्या, "दादा, हसणाऱ्या माणसाला देणगी कोण देतं?"

"मॅडम, अन् हे सलाईन पाहून तपासणीला कोण येईन?"

मॅडम सावकाश म्हणाल्या की नागपूरच्या एजन्सीचंही कोटेशन आलंय. काम चाललं हातचं, मला कळलं. मी म्हटलं, "द्या त्यांना. पण आधी एक सकाळ माझ्यासोबत मारेगावच्या बसस्टँडवर चला."

दोन्ही पोस्टर शेजारीशेजारी लावली आणि आम्ही बाकावर बसलो. मॅडमनी ओढणी डोक्यावरून घेतलेली, मी बसची वाट पाहत असल्यासारखा. एक पोरगी सलाईनच्या पोस्टरजवळ थांबली, तशी तिच्या मायनं हात ओढला. "चाल तिकून! लगन व्हायचं हाय तुयं, कायले पाह्यतं ते?" मॅडमचा चेहरा उतरला. पुढं गेलेली माय दुसऱ्या पोस्टरसमोर मात्र स्वतःच थबकली. "अवो, हे तं शिवणवाली बाई! इथं काय म्हणून राह्यली? वाच बरं." पोरीनं मोठ्यानं वाचलं, "मला सिकलसेल आहे. गोळ्या घेते, क्लास चालवते. तुम्हीही तपासून घ्या." माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "हिले हाय अन् हे असं हासते? कधी हाय म्हणते तपासणी?"

मॅडमनी तिथंच सलाईनचं पोस्टर उतरवलं. वेबसाइटवरही तीच शिवणवाली बाई हसते आहे. देणगीदारांना वेगळा चेहरा आणि गावाला वेगळा, असं मी होऊ दिलं नाही. तपासणीच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर रांग गेली होती, आणि तिच्यात त्या मायलेकीही होत्या.

हे कागदावर उतरवलंय खरं, पण टाकायचं कुठल्या पेटीत? राहू दे माझ्याचजवळ. एक तेवढं सांगतो. त्या रांगेशेजारी तुमच्यासारखं तोंड बंद ठेवून उभं राहायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. रांगेतल्या एका अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून मी पोस्टर दाखवलं, "आपलं काम हाय हे." त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "असन. लाईन मांगून हाय, भाऊ."