भौतिकशास्त्राची रांग

रविवार, २ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आई म्हणाली, साष्टांग लिही. तू समोर असतास तर घातलाही असता. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा ठीक, बाबांचा खोकला ठीक. रंगाच्या दुकानातलं तुझं काम कसं चाललंय? मालक अजून तसाच खेकसतो का? माझ्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. त्याचे हात रंगाने भरलेले असतील, असं मी आईला सांगते. तिला तेवढं पुरतं. मला पुरत नाही.

आता कामाचं. पंधरा तारखेला, शनिवारी, आमचा विषयांचा बाजार आहे. तुझ्या वेळी भरायचा तसाच अजून भरतो. सभागृहात टेबलं, एकेका टेबलामागे एकेका विषयाचे सर नाहीतर बाई, आणि आम्ही नववीची पोरं रांगा लावून. भौतिकशास्त्र, वाणिज्य, चित्रकला, सुतारकाम, गृहविज्ञान. ज्या विषयाच्या रांगेत उभं राहाल तिथले सर एक प्रश्न विचारणार, उत्तर पटलं की कार्डावर सही. सही झाली की दोन वर्षं तोच विषय, मग हसा नाहीतर रडा.

मला भौतिकशास्त्र हवंय. तुला हसू येईल, पण मला ते भुकेसारखं हवंय रे. मागच्या महिन्यात आपल्या जिन्यातला दिवा बिघडला, तेव्हा वायरमन यायच्या आधी मी बसून आकृती काढली. खालून लावलेला दिवा वरच्या बटणाने कसा काय विझतो, ते दोन बटणांच्या मधल्या दोन तारांवरून माझं मला सुटलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी नाचत जेवणाच्या टेबलाशी गेले आणि बाबांना आकृती दाखवली. त्यांनी पाहिली. डोळे असे लकाकले की मला वाटलं, आता खडूच मागतात. मग त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "मीठ दे."

तू गेल्यापासून हे असंच आहे. घरात भौतिकशास्त्राचा शब्द काढायचा नाही. आणि का नाही, ते तुला ठाऊक आहे. आपल्या शाळेत तो विषय शिकवायला बाबांशिवाय दुसरं कुणी नाही. पोरं त्यांना तराजू म्हणतात, पण काठावरच्या प्रत्येक पोराला ते दोन-चार गुणांचा हात देतात, हे साऱ्या शाळेला माहीत. तुझ्या पेपराला तेवढा दिला नाही. का, तर सरांनी स्वतःच्या पोराला वर ओढलं असं कुणी म्हणायला नको. दुसऱ्या कुणाचाही मुलगा असतास तर पास झाला असतास. चूक त्यांची होती. मी तेव्हाही तोंडावर म्हणाले होते आणि पाठीत धपाटा खाल्ला होता.

पण दादा, तू बॅग उचललीस आणि सुटलास. मी इथे आहे. मला बाबा म्हणतात, "तू आपलं गृहविज्ञान घे, बरं असतं मुलींना." मुलींना! दुसऱ्यांच्या मुलींना प्रयोगशाळेत बसू द्या म्हणून हेच बाबा संचालकांशी भांडले होते, आठवतंय? मुलगी असण्याचा काही संबंध नाही. स्वतःचं पोर पुन्हा स्वतःच्या वर्गात नको, एवढीच गोष्ट आहे. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिताहेत. बरं, पोळलं तुझं, फुंकताहेत ते, आणि उपाशी राहायची पाळी माझ्यावर.

म्हणून एक कर. बाबांना फोन कर. फार नको बोलूस. "माझा राग नाही, तिला तुमच्या वर्गात घ्या," एवढंच म्हण. राग असला तरी नाही म्हण. तुझ्यासाठी मी आईशी किती खोटं बोलले आहे, त्यातलं एक परत कर. माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तुझ्या एका शब्दासाठी ते जीव टाकतात, फक्त कबूल करत नाहीत.

पंधराच्या आत कर. टाळलंस तर मी काही तुझ्यासारखी घर सोडून जाणार नाही, पण तुला आयुष्यभर टोमणे मारीन.

तुझी नाही, तुझ्या फोनची वाट बघणारी,
मुंगी


बुधवार, १२ मार्च

दादा, दादा, दादा!

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. काल तू फोन केलास! मी कणीक मळत होते, हात बरबटलेले. बाबांनी फोन उचलला आणि नुसते उभेच राहिले. "बोल," म्हणाले. मग बराच वेळ "हं", "हं". आई दारात पदर तोंडावर धरून उभी. शेवटी बाबा म्हणाले, "तू म्हणतोस ना, मग तसंच करू." मी सगळं ऐकलं. मधे एकदा माझ्याकडे वळून बघितलंही त्यांनी.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आत जाऊन, अरे देवा, शीळ वाजवली! जेवताना भात दोनदा मागून घेतला. तुझ्या लहानपणीचा तो किस्सा सांगितला, भिंगाने रॉकेलची चिमणी पेटवायला निघालेला तू आणि पेटला तो बाबांचा धोतरजोडा. आई हसता हसता रडली. घरात इतका उजेड मी कितीतरी दिवसांनी पाहिला.

खरं सांगू? थोडा मत्सर वाटला. इतके दिवस मी इथे बसून त्यांची औषधं देतेय, वह्यांचे गठ्ठे उचलतेय, आणि तू एक फोन केलास तर शीळ. पण जाऊ दे. माझं काम झालं ना, मग मला काय करायचंय! मी विचारलं नाही त्यांना, तूही काही सांगू नकोस. शनिवारी रांगेत उभी राहीन आणि सगळ्यांसारखीच सही घेईन. प्रश्न अवघड विचारा म्हणावं.

तुझे उपकार. टोमणे माफ.

तुझी लाडकी,
मुंगी


रविवार, २३ मार्च

दादा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. ऊन वाढलंय. आईने तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले, खिडकीची कडी बसवून घेतली. सुट्टीत तू चार दिवस येतोस, हे बाबांनी शेजारच्या डॉक्टरांना, दूधवाल्याला आणि शाळेच्या शिपायाला सांगून झालंय. आणायला ते स्वतः स्टेशनवर येणार आहेत. आईचा गुडघा पळतोय. तुला कुठला साबण लागतो, हे तिने मला तीनदा विचारलं.

बाजार झाला. गर्दी बरीच होती. सुतारकामाच्या सरांनी लाकडी हत्ती ठेवला होता, सगळी पोरं त्याला हात लावून मग वाणिज्याच्या रांगेत जात होती. चित्रकलेच्या बाईंकडे फारसं कुणी नव्हतं, त्या बसल्या बसल्या रांगेतल्या पोरांची तोंडं काढत होत्या. माझंही काढलं. चांगलं आलंय. तेव्हा मी हसत होते.

भौतिकशास्त्राच्या टेबलावर बाबांनी लोलक आणि घोड्याच्या नालाचा तो मोठा चुंबक मांडला होता. माझ्या पुढे आमचा ढब्बू होता, तोच तो माझ्या बाकावरचा. त्याला विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" ढब्बू म्हणाला, "गार असतो म्हणून." सगळे हसले, बाबाही हसले, आणि म्हणाले, "चुकीचं आहे, पण शिकवीन," आणि सही ठोकली. ढब्बूला सही मिळाली, दादा.

मग मी. मी कार्ड पुढे केलं. मला प्रश्नाची भारी उत्सुकता होती. बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "पुढे कोण आहे?"

मला वाटलं, चुकून. मी म्हटलं, "सर, मी." शाळेत मी त्यांना सरच म्हणते.

"पुढे कोण आहे?"

माझ्या मागे पंधरा-वीस पोरं होती. कुणी खाकरलं, कुणी ढकललं. मी बाजूला झाले. बाजूला होऊन जायचं कुठे, हेही कळेना. तेवढ्यात गृहविज्ञानाच्या बाईंनी हाक मारली. फार मायाळू आहेत त्या. मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "अगं, तू कशाला रांगेत उभी राहिलीस? तुझी सही तर सरांनी कालच करून घेतली माझ्याकडून."

म्हणजे मी निवडायच्या आधीच माझं निवडून झालं होतं. विषयाला मी नावं ठेवत नाही. जिला हवा तिने खुशाल घ्यावा, बाई जीव ओतून शिकवतात. मला नको होता, एवढंच.

घरी आले ती दप्तर फेकूनच. आई मटार सोलत होती. बाबा आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, दादाने सांगितलं होतं ना तुम्हांला! ते म्हणाले, "त्यानेच तर सांगितलं."

आता हे लिहायला मी आठवडा लावलाय. साबण नि पडदे आधी लिहिले ते त्यासाठीच. तू फोन करून म्हणालास, "माझं केलंत तसं तिचं करू नका. तिला तुमच्या वर्गात घेऊ नका. एवढं माझं ऐका." बाबांनी शब्द न शब्द सांगितला मला. वर असंही म्हणालास म्हणे, "ती हट्ट करेल, पण तुम्ही बधू नका."

दादा, मी तुला काय लिहिलं होतं? वाचता येतं ना तुला? भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आणलीस तू माझ्यावर. माझ्या भल्यासाठी केलंस, हे मला माहीत आहे. तुला वाटलं, मला वाचवावं. अरे, पण बुडत कोण होतं? तू बुडालास म्हणून सगळ्यांना पाण्याबाहेर काढत सुटायचं? आणि मला एक ओळ टाकून विचारायला तुझं काय जात होतं?

मी बाबांना म्हटलं, मीही मागतच होते की. त्याचं ऐकलंत, माझं का नाही? आई मटार सोलायची थांबली. मग ते म्हणाले, "त्याने गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं, बेटा. नाही म्हटलं असतं तर पुन्हा तोडून गेला असता." मी म्हटलं, "आणि मी?"

"तू कुठे जाणार? तू तर घरातच आहेस."

अगदी प्रेमाने म्हणाले. डोक्यावर हातही ठेवला. तुझ्या फोनच्या दिवशी ठेवला होता तसाच.

मी मोठ्या बाईंकडेही गेले होते. त्या म्हणाल्या, सही एकदा झाली की झाली, आणि वडीलच नको म्हणताहेत तर शाळा काय करणार. मावशीच्या गावच्या शाळेत दुसरे सर आहेत, तिथे पाठवा म्हटलं, तर बाबा म्हणाले, एक पोर घराबाहेर गेलं तेवढं पुरे. आईला विचारलं, तुझं मत काय? ती म्हणाली, "तुझा दादा येतोय ना, त्याच्यासमोर हा विषय काढू नकोस हं." म्हणजे सगळ्या वाटा बघून झाल्या.

मी हरले याचं एक दुःख आहे. दुसरं त्याहून मोठं आहे. मला तुम्हां दोघांचं पुन्हा जमावं असंच वाटत होतं. खरंच वाटत होतं, मी देवापुढेही तेच मागायचे. जमलं. बाबा शीळ घालतात, आई हसते, तू येतोयस. आणि मला त्यातलं काही गोड लागत नाही. ज्या गोष्टीने अख्खं घर सुखावलं, तिच्यावर एकटी मी दात-ओठ खातेय, मग वाईट मीच ठरते ना? दुष्टपणा शिकवलात तुम्ही मला, तुम्ही दोन भल्या माणसांनी.

आत्ता बाबा दारात आले. "त्याला लिहितेस ना? लिही की नवा विषय तुला आवडला, तू खूश आहेस. नाहीतर त्याला इथे यायला अवघड वाटेल." मी हो म्हटलं. ते थांबून राहिलेत, पाकीट त्यांनाच टाकायचंय. वाचणार नाहीत, तेवढा त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

तेव्हा लिहिते.

नवा विषय मला आवडला. मी खूश आहे. तू ये.

तुझ्या आणि बाबांच्या शब्दाबाहेर नसलेली,
तुझी बहीण