सुमैयाचं शिफारसपत्र

६ जानेवारी, मंगळवार
बारावीची प्रॅक्टिकल तोंडावर, दोन ब्युरेट फुटलेल्या, लॅब असिस्टंट भाच्याच्या लग्नाला. त्यात मधल्या सुट्टीत अकरावीची सुमैया दारात उभी. रोज हुपरीहून एसटीनं येते, मागच्या बाकावर बसते, मार्क बरे. याहून जास्त काही माहीत नाही मला तिच्याबद्दल.
पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात सहा आठवडे अकरावीच्या मुलांना खऱ्या लॅबमध्ये काम करायला घेतात. देशभरातून अर्ज, जागा मोजक्या. हिला जायचंय. रसायनाच्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, मुदत ३१ तारखेची.
म्हटलं, तूच लिहून आण, मी सही करते. बावीस वर्षं हेच चाललंय. सगळेच करतात.

८ जाने., गुरु.
आणलं लिहून. "कु. सुमैया ही अत्यंत होतकरू, नम्र व आज्ञाधारक..." तीन ओळी. खालचं सगळं पान माझ्यावर. मॅडम किती जीव तोडून शिकवतात, मॅडमची शिस्त, मॅडमचं अक्षर.
"अगं, पुण्याला तू जाणार की मी?"
"माझ्याबद्दल एवढंच सुचलं, मॅडम."
हसले. मग फॉर्म उघडला. पत्र शिक्षकानं थेट संस्थेला पाठवायचं, विद्यार्थ्याला दाखवायचं नाही. आणि एक प्रश्न: अर्जदार कधी चुकला आणि चूक कळल्यावर त्यानं काय केलं, असा तुम्ही स्वतः पाहिलेला प्रसंग लिहा. होतकरू-नम्र इथं कुठे बसवायचं?
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "दे ठोकून काहीतरी. कोण बघायला येतंय?" ह्यांचं सगळं असंच. माझ्याशी लग्नसुद्धा तसंच ठोकून दिलं असणार.

१० जाने., शनि.
दोन दिवस आठवतेय. पोरीला चुकताना पाहिलेलंच नाही. बरोबर असतानाही पाहिलेलं नाही. शेवटी तिलाच विचारलं, तू कधी चुकलीस?
"लई वेळा."
एखादी सांग म्हटलं. तिनं दप्तरातून शंभरपानी वही काढली.
घरी पैंजणांचं काम. तिची फुफी, म्हणजे वडिलांची बहीण, त्यांच्यातच राहते. गल्लीतल्या बायका म्हणतात फुफीच्या हाताला चांदी काळी पडते. म्हणून तिला माल बांधायला बसवत नाहीत, कोपऱ्यात अजून पॉलिश न झालेली घुंगरं निवडायला देतात. सु.ला हे सोसेना. पैंजण रबरानं बांधतात, रबरातल्या गंधकानं काळं पडतं, फुफीच्या हातानं नव्हे, हे तिला दाखवायचं होतं. मोडीतले तुकडे घेतले. काही रबरानं बांधलेले, काही दोऱ्यानं. फुफीनं, आईनं आणि हिनं वेगवेगळे हाताळलेले. डबे वेगळे, चिठ्ठ्या, तारखा.
रबराचे सगळे काळे. इथवर खूश. पण दोऱ्याच्यांत आईचे पांढरे, हिचे पांढरे, फुफीचे काळपट. पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. खाली लिहिलंय: "माझं म्हणणं चुकलं. फुफीच्या हातानं पण काळी पडते. कारण माहीत नाही."
लाडक्या फुफीसाठी मांडलेला प्रयोग, आणि हे लिहून ठेवलं. मला नसतं जमलं.
"हे मला आधी का नाही दाखवलंस?"
"आणलं होतं की मॅडम. दिवाळीच्या आधी."
लगेच आठवलं. व्हरांड्यात वही उघडून उभी होती, रबरानं चांदी काळी का पडते विचारत होती. मी म्हणाले, परीक्षेला येणार आहे का? आणि चालायला लागले.
जेवण गेलं नाही आज.

१४ जाने., बुध.
सु. तिळगूळ देऊन गेली. वर्गात तिला मुद्दाम दोन प्रश्न विचारले. एक चुकली. चुकताना एकदा तरी पाहिलं, बरं वाटलं.

१८ जाने., रवि.
हुपरीला जाऊन आले. फुफीबद्दल लिहायचं तर तिला विचारायला हवं. हे म्हणाले, "पत्रासाठी पंचनामा?" हो, पंचनामा.
चहा, वर खारी, वर पोहे. फुफी पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. सांगितलं, लिहिलं तर परक्या लोकांना कळेल की तुमच्या हातानं काळी पडते.
"लिवा की मॅडम. पडती तर पडती. पोरगी पुण्याला गेली पायजे."
सु. खाली मान घालून बसली होती. फुफीनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, "तोंड कशाला पाडलंस? खरं तेच लिवलंस न्हवं?"
कप घेताना फुफीच्या हाताला वास आला. गंधक. खाजेवर मलम लावते, म्हणाली, वर्ष झालं. मी सु.ला बाहेर घेऊन एवढंच म्हटलं, फुफी हाताला काय लावते ते तुझ्या वहीत नाही. मला एसटीत बसवून देईपर्यंत पोरीचे डोळे एवढे मोठेच होते.

२२ जाने., गुरु.
फुफीनं मलम बंद केलंय. "चार आठवडं खाजवीन, पण तुझी वही पुरी कर," असं म्हणाली म्हणे. नवे डबे मांडले. मला आता रोज सकाळी रिपोर्ट मिळतो.

२४ जाने., शनि.
पत्र. तीन कागद फाडले. वहीचं सगळं लिहिलं, तिचं वाक्य जसंच्या तसं. पण ते लिहिताना दिवाळीआधीचा व्हरांडा गाळला की पत्र खोटं वाटायला लागतं. शेवटी घातलं: हा प्रश्न तिनं प्रथम मला विचारला तेव्हा मी ऐकून घेतला नाही. तरीही तिनं काम सोडलं नाही.
ह्यांनी वाचलं. "स्वतःविरुद्ध लेखी तक्रार देणारी तू पहिलीच." मग चहा करून आणला, न सांगता.

२९ जाने., गुरु.
पाठवलं. सु. विचारत होती काय लिहिलं. म्हटलं, गोपनीय. "बरं हाय न्हवं पण?" म्हटलं, पाहिलं ते लिहिलं.

२१ फेब्रु., शनि.
मुलाखतीला निवड. ७ मार्चला, कॉम्प्युटरवर. सु. एवढ्या हळू आवाजात सांगत होती की मला वाटलं नाव नाही आलं. फुफीनं पेढे पाठवले. मी म्हटलं अजून झालं काहीच नाही. तरी दोन खाल्ले.

७ मार्च, शनि.
मुलाखत माझ्याच लॅबमध्ये झाली. मी बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प करत होते. पाऊण तासानं आली, चेहरा फुललेला. वहीवर खूप विचारलं. मलमाशिवायचे तुकडे पांढरेच राहिले ते सांगितलं, पण एकदाच करून पाहिलंय, हेही सांगितलं. शहाणी.
"आणि शेवटी मॅडम, कायतरीच विचारलं. म्हणे तुमच्या मॅडमनी लिहिलंय, की पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. तेव्हा काय वाटलं?"
"मग?"
"मी म्हटलं, असं कधीच झालं न्हाई. आमच्या मॅडम ऐकतात."
छान, म्हटलं तिला. दुसरं काय म्हणणार?

८ मार्च, रवि.
बारावीच्या पेपरांचा गठ्ठा तसाच. फुफीविरुद्ध खरं लिहिणारी पोर माझ्यासाठी खोटं बोलली. आता त्या लोकांच्या लेखी आम्हा दोघींत एक खोटारडी. ती मी तर नक्कीच नाही, असंच त्यांना वाटणार, शिक्षिका ना मी. माझ्या पापक्षालनापायी पोरीची जागा जायची.
मेल लिहिला: मुलगी माझा मान राखायला तसं बोलली, कृपया तिच्याविरुद्ध धरू नये. पाठवला नाही.
हे म्हणाले, "तिला विचारलंस का, असं का बोलली?" नाही विचारलं. तेवढं सोडून सगळं केलं.

१० मार्च, मंगळ.
विचारलं. लॅबमध्ये, सगळे गेल्यावर. माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस, म्हटलं. सांगितलं की पत्रात तसं मीच लिहिलं होतं.
ती गोंधळली. "खोटं न्हाई बोलले, मॅडम. तुम्ही ऐकलं होतं की. प्रश्नच फालतू होता माझा. म्हणून तर परत विचारला न्हाई."
फालतू नव्हता, म्हटलं. चांगला प्रश्न होता, मी ऐकला नाही.
"व्हय?" म्हणाली.
आपला प्रश्न फालतू, हे घेऊन पाच महिने ती माझ्या वर्गात बसत होती.
निकाल एप्रिलमध्ये. मेल अजून तसाच आहे, पण मान राखायला बोलली हे त्यातलं खोटं निघालं. त्यात आता काय लिहायचं, ते सुचत नाही.