काळ्या पट्टीच्या उजवीकडून

प्रिय दादा,

हाताबद्दल एक शब्द विचारायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. "तो कुणाशी बोलत नाही, वर्कशॉपातले लोक आले तरी खोलीचं दार उघडत नाही, तू आणखी पाल्हाळ लावू नकोस," असं तिने मला फोनवर भरपूर पाल्हाळ लावून सांगितलं. माझे फोन तर तू उचलतच नाहीस. म्हणून हे पत्र. यात हात नाही. फक्त 'लोहघुबड'.

नीट बसलास ना? दुसरा भाग येतोय! आणि तो बाजारात यायच्या कितीतरी आधी मी खेळून आलेय. चोरून नाही, चांगलं गळ्यात ओळखपत्र अडकवून. आमच्या संकेतस्थळाने मला खेळ कसा वाटला ते लिहायला पाठवलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत मीच छाती पुढे काढून म्हटलं होतं, की खेळ ही गंभीर कला आहे, आणि 'लोहघुबड'चा पहिला भाग मी तीनदा संपवलाय. दोन्ही वाक्यं अगदी मनापासून बोलले होते. घरातली पहिली पदवीधर खोटं कशाला बोलेल? पण दुसऱ्या वाक्यात केवढी गोम आहे, ते मला तिथे खेळायला बसल्यावर कळलं.

एका मोठ्या खोलीत ओळीने पडदे लावले होते. खुर्च्या इतक्या मऊ, की पाठ टेकली की माणूस आत गडप. माझ्या शेजारी एक दाढीवाला पत्रकार, कुस्तीला उतरल्यासारखा बोटं मोडत बसलेला. खेळ सुरू झाला. पहाटेचा किल्ला, अर्धवट उघडं दार, आणि दारात आपण खेळवायचो ती आपली घुबडवाली, खांद्यावर तेच लोखंडी घुबड. दादा, मला भरून आलं रे. मी तलवार काढली, झकास फिरवली. उडी मारली. पुन्हा तलवार फिरवली. बाई जागची हलेना! माश्या मारत असल्यासारखी ती नुसती दारात उभी. कंट्रोलर बिघडलाय, असं सांगायला मी हात वर करणार, तेवढ्यात माझं लक्ष माझ्या डाव्या अंगठ्याकडे गेलं. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा तो एका कडेला गप्प बसून होता.

त्याला चालवता येतच नव्हतं. येणार कुठून? एक कंट्रोलर आणि आपण दोघं. रोजच्या मारामारीला कंटाळून बाबा एकदा हातातला रंधा ठेवून उठले, मोजपट्टी लावली, कंट्रोलरच्या बरोबर मधोमध काळी चिकटपट्टी मारली आणि म्हणाले, "हा अर्धा त्याचा, हा अर्धा हिचा. आता आवाज आला तर करवत आणतो." पाळीपाळीने खेळा, एवढंच त्यांना सांगायचं असणार. पण सुतारमाणसाने मापं घेऊन केलेला न्याय तो! आपण मुकाट खांद्याला खांदा लावून बसलो. डावी बाजू तुझी: चालणं, पळणं, ढाल. उजवी माझी: तलवार, उडी आणि कुठे बघायचं ते. "पुढे चल की रे बैला!" "आधी मार की गं म्हशी!" एवढ्या दोन वाक्यांवर आपण अख्खं राज्य जिंकलं. बाकीचे लोक एकटेच दोन्ही बाजू सांभाळतात, हे मला कधी जाणवलंच नाही.

"मॅडम, दारात काही हरवलंय का?" दाढीवाल्याने विचारलं. तो तोवर किल्ल्याच्या गच्चीवर पोचला होता. "मी निरीक्षण करतेय," मी गंभीरपणे म्हटलं. एकदा म्हटल्यावर निरीक्षण करणं भागच होतं. आपण बघू तिकडे घुबड आता मान वळवतं, दादा. दाराच्या एका बिजागरीला गंज आहे, दुसरी नवी आहे. पहारेकरी उभ्या उभ्या डुलक्या घेतो. त्याच्या डोक्यावर दोरीला मोजे वाळत घातलेत, एक हिरवा आणि एक करडा.

मग आतोबा आले. तडाखा देण्याआधी घसा खाकरणारा तो राक्षस! "मग, पुढे काय करायचं ठरवलंय?" असं विचारण्याआधी आपले आतोबा अगदी तसेच खाकरायचे, म्हणून तू त्याला ते नाव ठेवलंस. आता त्याची दाढी पिकलीय, चाल मंदावलीय, आणि लबाडी वाढलीय. पहिल्यांदा खाकरतो, मारत नाही. आपण उडी मारून खाली येतो, तेव्हा दुसऱ्यांदा खाकरतो आणि मग हाणतो. ढाल तुझ्या बाजूला. मी दर वेळी सपाट.

शेवटी मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. ती खेळातलं ते दार बनवणारी मुलगी निघाली. "वर्षभर हेच दार करत होते मी," ती म्हणाली. "सगळे त्यातून धावत सुटतात. ते मोजे आजवर कुणी बघितलेच नव्हते." तिचे डोळे भरून आले होते. मी खरं कारण सांगितल्यावर मात्र ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

लेख मी मन लावून लिहिला. आमच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "छान आहे. पण दाराच्या आतही काहीतरी असेल ना गं?"

आता आईची ताकीद मोडते. तू तिला आपलं खेळाचं यंत्र माळ्यावर टाकायला सांगितलंस म्हणे. "एका हाताने काय खेळणार?" असं म्हणालास. ते ऐकून मी आधी रडले, आणि मग मला तुझा भयंकर राग आला. अरे, तू दोन हातांनी खेळलास कधी? तुझा उजवा हात तर माझी वेणी ओढायला मोकळा असायचा! त्याची बोटं वळत नाहीत, याचं दुःख मला किती आहे ते लिहिता येत नाही. पण लोहघुबडचं राज्य तू डाव्या हाताने जिंकलंस, आणि तो हात धड आहे. दारवाल्या मुलीने मला शनिवारी पुन्हा बोलावलंय, सोबत एकाला आणायची परवानगी देऊन. चिकटपट्टी मी घेऊन ठेवलीय. मधोमध माप घ्यायला बाबांची मोजपट्टी तेवढी घेऊन ये. आतोबा दुसऱ्यांदा खाकरले की ढाल धर, बाकीचं मी बघते. बाई अजून दारातच उभी आहे, दादा. पुढे चल की रे, बैला.

तुझीच,
उजवी बाजू