दसऱ्याला आणलेला खोका

तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, संध्याकाळ. डहाणू रोड.

नव्या टीव्हीच्या पडद्यावर मधोमध हिरवी रेघ! दुकानात गेले, तर दुकानदार म्हणतो, "काकू, परत घ्यायची मुदत संपली."

डोकंच फिरलं. म्हटलं, "मुदत न आवडलेल्या मालाला. हा बिघडलेला निघालाय, वॉरंटीत आहे. दुरुस्त करून द्या, नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार करते."

तेव्हा कुठे नरमला. सोमवारी मेकॅनिक नक्की पाठवतो म्हणाला. मग विचारतो, "पण इतके दिवस खोका उघडला का नाही?"

"मुहूर्त नव्हता," मी पटकन म्हणाले.

"दसऱ्याला नेलात ना? त्याहून मोठा मुहूर्त कुठला, काकू?"

पावती पिशवीत टाकून निघाले. काय सांगणार? खोक्याला हळदकुंकू लावलं आणि निलेशची वाट बघत बसले. दिवाळीत येईल, तोच उघडेल, भिंतीवर लावून देईल. दिवाळीत फोन आला, "आई, सुट्टी नाही मिळाली." काल शेवटी मीच उघडला.

आता टीव्ही चालू ठेवलाय, घरात आवाज असावा म्हणून. बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावरून ती हिरवी रेघ जातेय. चालायचंच.

येताना वाण्याकडून बिस्किटं आणली. सोमवारी कुणीतरी नक्की येणार आहे.