परातीतलं गाजरांचं कुंपण

सले, रविवार, २ नोव्हेंबर

लाडक्या तामूस,

तुला आणि घरच्या सगळ्यांना सलाम. इथे अल्लाच्या कृपेने सगळे ठणठणीत. तुझी वहिनी रहमा तर इतकी ठणठणीत आहे की दिवसभर माझ्यावर ओरडत असते.

मला शुगर निघाली तेव्हा रहमाने शुक्रवारी मला वेगळी ताटली दिली होती, आठवतंय? सगळे गव्हाच्या रव्याच्या वाफाळत्या कुसकुसच्या परातीभोवती, आणि मी कोपऱ्यात उकडलेल्या भोपळ्यासमोर! किती दिवस सोसणार? एकदा नमाजानंतर सरळ शेजारच्या मियलूदीकडे गेलो आणि पांढऱ्या कुसकुसवर, वरच्या कांदा-मनुकांच्या गोड थरासकट, आडवा हात मारला. संध्याकाळी मशीनवरचा आकडा बघून रहमा रडायलाच लागली. मग मीही रडलो. खरं सांगू? शुगरपेक्षा त्या ताटलीचीच मला धास्ती होती.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "परात सोडायला कोणी सांगितलं? परातीत काय आहे ते बदला!"

आता आमच्याकडे सगळ्यांनाच जवाचा कुसकुस, आई करायची तसा, कोंड्यासकट. वर कोबी, शलगम, हरभरे. आधी भाज्या, मग कुसकुस. हा कोंडा आणि भाज्यांचा चोथा पोटात साखरेला अडवून धरतो, रक्तात दमादमाने जाऊ देतो. पण जव म्हणजे काही औषध नव्हे, जास्त हाणला तर त्यानेही शुगर चढते. म्हणून रहमा माझ्या वाट्याभोवती गाजरांचं कुंपण घालते. ती पाणी आणायला उठली की मी ते हळूच सरकवतो.

"हाजी, गाजरांना पाय फुटले का हो?"

"भूक लागली असेल बिचाऱ्यांना!"

अख्खं घर हसतं. परवाचा आकडा बघून तर डॉक्टरीणबाईही हसल्या.

आता तुझं. गुडघे दुखतात म्हणून शुक्रवारी येत नाहीस म्हणे. दर गुरुवारी हमामला न्हायला जाणारे गुडघे शुक्रवारीच बरे संपावर जातात! तुझ्या लेकावर, द्रिसवर, चिडू नकोस, मीच त्याला खोदून खोदून विचारलं. तुलाही शुगर निघालीय. वेगळ्या ताटलीच्या भीतीने तू कोणाकडे जात नाहीस, एकटीच जेवतेस, आणि इथे पोरांना वाटतं आत्या रुसली. वेडे, मला नाही सांगायचं तर कोणाला?

या शुक्रवारी ये. माझ्या डावीकडची बाजू लहानपणापासून तुझी, तिथे अजून कोणी हात घालत नाही. तुझ्यासाठीही गाजरं आणून ठेवलीत. फक्त आपल्या दोघांच्या मधे कुंपण घालायचं नाही, असं रहमाला बजावलंय.

तुझ्याच परातीतला,
भाऊ बुअज्जा